श्रीखंड न खाल्लेली बारा माणसं

बनारसमधल्या ब्रह्मा घाटाच्या आसपासच्या मराठी घरांत मुंज असो, साखरपुडा असो की कुणाची साठीशांत, मुख्य स्वयंपाक माझ्या आईचा, हे मी कळायला लागल्यापासून पाहत आले आहे. तिला आचारी असं कुणी म्हणत नाही. वहिनी, काकू, मावशी, ज्याचं जसं नातं तसं. चार बायका हाताशी घेते आणि शंभर पानांचं जेवण वेळेवर वाढून देते. वडील पाठशाळेत वेद शिकवतात. मी इथल्याच एका मुलींच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. तिघांची कामं तीन दिशांना. मी काय शिकवते हे आईने मला कधी विचारलं नव्हतं आणि मीही ते सांगायला गेले नव्हते.

सांगायची अडचणही होती. आमच्या घरात मराठी बोलतात, पण गणित मी हिंदीतून शिकले आणि पुढचं सगळं इंग्रजीतून. 'रिलेटिव्ह रिस्क' हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते, खाली कंसात 'सापेक्ष जोखिम' असं हिंदीत. मग दोन ओळी, दोन रकाने, एक भागाकार. उदाहरणं पुस्तकातली, कुठल्या तरी लांबच्या देशातली. मुली उतरवून घेत, परीक्षेत लिहीत, गुण मिळवत. मराठीत त्याला काय म्हणायचं हा प्रश्न मला कधी पडलाच नाही, कारण मराठीत ते सांगावं लागेल असं माणूसच समोर नव्हतं.

ती मुंज वैशाखातली. रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्या नातवाची मुंज. घाटाजवळच्या धर्मशाळेत कार्य, जेवणाच्या दोन पंगती. वरण-भात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, अळूवडी, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड, आणि उन्हाळा म्हणून कैरीचं पन्हं. ऊन असं की गल्लीतले दगड अनवाणी पायाला सोसत नव्हते. जेवण उत्तम झालं. लोक आईला सांगून, नमस्कार करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. कुणाला उलट्या, कुणाला जुलाब, दोन-चार जणांना सलाईन लावावं लागलं. ज्याची मुंज तो मुलगाही त्यात होता आणि त्याची आईही. सुदैवाने तीन-चार दिवसांत सगळे बरे झाले. पण तोपर्यंत काकांनी आपल्या परीने चौकशी करून टाकली होती. त्यांनी आजारी पडलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन केला आणि विचारलं, श्रीखंड खाल्लं होतं का. मग आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं की बत्तीस जण आजारी पडले, त्यातल्या अठ्ठावीस जणांनी श्रीखंड खाल्लं होतं, त्यामुळे कारण स्पष्ट आहे. वहिनींच्या हेतूबद्दल शंका नाही, पण आता त्यांचं वय झालं, यापुढे कार्यांचा स्वयंपाक बाहेरच्या ठेकेदाराकडे द्यावा. खाली एकामागून एक हात जोडलेल्या खुणा आल्या. विरोधात कुणी काही लिहिलं नाही.

आईने तो मजकूर माझ्याच फोनवर वाचला. फोन परत दिला आणि भाजी निवडायला बसली. संध्याकाळी तिने आपल्या चारही बायकांना फोन करून सांगितलं की ज्येष्ठातल्या साखरपुड्याचा स्वयंपाक आपण करायचा नाही. चक्का बांधायची पांढरी धोतरं धुऊन, घडी करून तिने माळ्यावरच्या ट्रंकेत टाकली. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तिचा स्वतःवरचाच भरवसा उडाला होता. दोन-तीन दिवस तेच ते बोलत होती. आदल्या दिवशी दुपारी दोन तास लाइट गेली होती. फ्रिज बंद होता. तेव्हाच बिघडलं असेल का. मी वास घेतला होता, चव घेतली होती, पण माझं नाकच आता काम करत नसेल तर.

मी तिला समजावत होते, पण माझ्याजवळ तरी काय होतं? मुलीची माया होती, दुसरं काही नाही.

वाट वडिलांनी दाखवली, आणि तीही नकळत. ते जेवताना फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी भात कालवता कालवता म्हणाले, "आम्ही पाठशाळेतले तेरा जण पहिल्या पंगतीत होतो. श्रीखंड सगळ्यांनी घेतलं. मी दोनदा घेतलं. एकालाही काही झालं नाही."

हे वाक्य मी दरवर्षी वर्गात वेगळ्या शब्दांत बोलत होते. आजारी पडलेल्यांनी काय खाल्लं हे विचारणं पुरत नाही. बरे राहिलेल्यांनी काय खाल्लं तेही विचारावं लागतं. काकांनी बत्तीस फोन केले होते, पण उरलेल्यांना एकही केला नव्हता. श्रीखंड तर जवळजवळ सगळ्यांनीच खाल्लं असणार. मग आजारी माणसांतही जवळजवळ सगळ्यांनी खाल्लेलं निघणारच. भातही त्यांनी खाल्ला होता. भाताला कुणी बोल लावला नव्हता.

जेवण झाल्यावर मी आईला सांगितलं की मी पंगतीतल्या सगळ्यांना विचारणार आहे, आजारी पडलेल्यांना आणि न पडलेल्यांनाही, आणि पानातल्या प्रत्येक पदार्थाबद्दल. तिने हातातली खरकटी ताटं खाली ठेवली. मग म्हणाली, "माझंच चुकलं असलं, तर तेही सांगशील ना?"

मी हो म्हटलं. काय निघेल ते मला माहीत नव्हतं.

"मग विचार," ती म्हणाली.

पण मी तिची मुलगी. मी काहीही आणलं तरी लोक म्हणणार, आईसाठी आणलं. म्हणून मी सरळ काकांच्या घरी गेले, त्यांच्या सुनेकडे. ती बँकेत काम करते. स्वतः सलाईनवर राहून नुकतीच उठली होती, चेहरा अजून उतरलेला. मी तिला सांगितलं, माझ्याबरोबर चल, प्रत्येक घरी दोघी जाऊ, प्रश्न मी विचारेन, उत्तरं तू लिही. "ताई, माझ्या मुलाला कशाने झालं ते मला हवंय," ती म्हणाली. "तुमच्या आईमुळे झालं असेल, तर तसं. नसेल, तर तसं." मला तेच हवं होतं. सासऱ्यांना तिने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. ते म्हणाले, करा, पण निघायचं ते निघालंच आहे.

आम्ही एक कागद तयार केला. पदार्थ पानात वाढतात त्या क्रमाने लिहिले, मिठापासून सुरुवात करून डावी बाजू, मग उजवी, मग मधला भात. त्या क्रमाने विचारलं की माणसाच्या डोळ्यांसमोर पान उभं राहतं आणि आठवतं. शेवटी पन्हं लिहिलं, तेव्हा सून म्हणाली, "पन्हं दोन प्रकारचं होतं. माठातलं आणि ड्रममधलं. ड्रममध्ये मागाहून बर्फ घातला होता." मी पन्ह्याचे दोन रकाने केले. मला हे माहीतच नव्हतं. मी त्या दिवशी वाढपात होते, पन्ह्याच्या बाजूला फिरकलेही नव्हते.

तीन दिवस आम्ही ब्रह्मा घाटापासून संकठा घाटापर्यंतच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. दोन घरं पार मुन्शी घाटाकडे होती, तिथेही गेलो. सकाळी ती बँकेत जाण्याआधी तासभर आणि संध्याकाळी पुन्हा. काही ठिकाणी लोक कुरकुरले. एका आजोबांना साखरेचा आजार, त्यांनी बायकोसमोर ठामपणे सांगितलं की श्रीखंडाला हात लावला नाही. आम्ही जिना उतरलो तसे ते मागोमाग खाली आले आणि हळूच म्हणाले की दोन वाट्या लिहा, पण वर सांगू नका. आम्ही दोन वाट्या लिहिल्या.

सगळ्यात कष्टाने मिळाली ती श्रीखंड न खाल्लेली माणसं. पण मला तीच हवी होती. ती नसती तर तुलना कुणाशी करणार? एका बाईंचा त्या वाराला आंबट न खाण्याचा नेम होता. एक नवी सून हिंदी घरातली, तिला श्रीखंड आवडत नव्हतं. दोन मुलं रुसून पानावरून उठली होती. कुणाला सर्दी, कुणाचं दह्याशी जमत नाही. अशी शोधून शोधून बारा निघाली. एकूण शहाण्णव माणसांचे कागद झाले, दोन्ही पंगतींत बरोबर अर्धे अर्धे.

चौथ्या दिवशी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोरच्या टेबलावर आम्ही दोघी बसलो. आई पाठमोरी, काहीतरी घासत होती. घासायचं ते कधीच घासून झालं होतं.

आधी श्रीखंड घेतलं. खाल्लेले चौऱ्याऐंशी, त्यातले आजारी अठ्ठावीस. म्हणजे तिघांत एक. काकांचा आकडा अगदी बरोबर होता. मग न खाल्लेले बारा, त्यातले आजारी चार. म्हणजे तिघांत एक. सुनेने दोनदा मोजलं. मी पहिल्या गटाच्या प्रमाणाला दुसऱ्याच्या प्रमाणाने भागलं. उत्तर आलं एक.

मग बर्फाचं पन्हं. प्यायलेले चाळीस, त्यातले आजारी अठ्ठावीस. पुन्हा अठ्ठावीसच. नुसत्या आजारी माणसांकडे पाहिलं असतं तर श्रीखंड आणि बर्फ दोघेही सारखेच गुन्हेगार दिसले असते. पण बर्फाचं पन्हं न प्यायलेले छप्पन्न होते, आणि त्यातले आजारी फक्त चार. एकीकडे शंभरातले सत्तर, दुसरीकडे शंभरातले सात. भागाकार जवळजवळ दहा.

बाकीचे पदार्थही काढले. सगळे एकाच्या आसपास. माठातलं पन्हंसुद्धा.

मी आईला हाक मारली. ती हात पुसत आली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझा विषय मराठीत शिकवला. मी म्हटलं, "आई, हे बघ. एखाद्या गोष्टीने धोका वाढतो का, हे कळायला दोन गट लागतात. ज्यांनी ती खाल्ली त्यांच्यात शंभरांमागे आजारी किती, आणि ज्यांनी नाही खाल्ली त्यांच्यात किती. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर एक आलं, तर खाल्लं काय नि नाही खाल्लं काय, धोका तेवढाच. दोन आलं तर दुप्पट. याला सापेक्ष जोखीम म्हणतात. तुझ्या श्रीखंडाची एक आली आहे. बर्फाची दहा."

ती खाली बसली. कागद जवळ ओढला आणि बोट ठेवून सगळे आकडे वाचले. "म्हणजे ज्यांनी श्रीखंड चाखलंही नाही, त्यांनाही तितकंच झालं," ती म्हणाली.

"तितकंच."

तिने पदर डोळ्यांना लावला नाही की काही नाही. उठली, चहाचं आधण ठेवलं आणि सुनेला विचारलं की तुझं पोट आता ठीक आहे ना, आलं घालू का.

संध्याकाळी आम्ही दोघी काकांसमोर बसलो. त्यांनी कागद नीट वाचला. इतकी वर्षं अधिकारी म्हणून काढलेला माणूस, आकड्यांना बिचकणारा नव्हे. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, "बेटा, एक सांग. पहिल्या पंगतीला सगळं ताजं होतं. दुसऱ्या पंगतीपर्यंत श्रीखंड तासभर गरमीत राहिलं. बर्फ दुसऱ्या पंगतीतल्यांनी जास्त प्यायला असणार. मग दोष बर्फाचा की शिळ्या श्रीखंडाचा, हे तू कसं ओळखलंस?"

खरं सांगते, मला आनंद झाला. माझ्या वर्गात इतका चांगला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आणि त्याचं उत्तर आमच्या कागदांत होतं, कारण पंगत आम्ही प्रत्येकाला विचारली होती. मी म्हटलं, काका, दोन्ही पंगती वेगळ्या करू, आणि मोजा तुम्हीच.

त्यांनी दिवाणावर कागदांचे दोन गठ्ठे केले, मग त्यांचे चार. पहिल्या पंगतीत बर्फाचं प्यायलेले फक्त आठ, त्यातले सहा आजारी. न प्यायलेले चाळीस, त्यातले तीन. दुसऱ्या पंगतीत प्यायलेले बत्तीस, त्यातले बावीस आजारी. न प्यायलेले सोळा, त्यातला एक. भागाकार त्यांनी स्वतः पेन्सिलीने केले, शाळेत करतात तसे, पायऱ्या मांडून. एकीकडे दहा, दुसरीकडे अकरा. दुसऱ्या पंगतीतल्या त्या सोळा जणांनीही तेच तासभर राहिलेलं श्रीखंड खाल्लं होतं की नाही, हेही त्यांनी कागद उलटून पाहिलं. दोघं सोडून सगळ्यांनी खाल्लं होतं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग ते म्हणाले, "बर्फ मीच टाकायला सांगितला."

लाद्या मागवल्या होत्या त्या सरबताच्या बाटल्या गार करायला. पोत्यांत गुंडाळून आल्या, धर्मशाळेच्या पायरीशी गल्लीतच ठेवल्या. लोक घामाने निथळताना पाहून त्यांना वाईट वाटलं, म्हणून पहिली पंगत उठायच्या सुमाराला त्यांनी बर्फ फोडून ड्रममध्ये टाकायला लावला. दुसऱ्या पंगतीतल्या बहुतेकांनी तोच ड्रम रिकामा केला. आईला कुणी विचारलं नाही, ती आत पुऱ्या तळत होती. सुनेने तिथल्या तिथे बर्फवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तो अगदी सहज म्हणाला, "ये पीने वाला नहीं था, ये तो ठंडा करने वाला था। पीने वाला अलग आता है।"

मी त्यांना हेही सांगितलं की भागाकाराने बर्फातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्याने एवढंच कळतं की बर्फ प्यायलेल्यांना धोका किती पटीने जास्त होता. बर्फ न पिता आजारी पडलेले चौघंही आहेतच, बनारसच्या उन्हाळ्यात पोट बिघडायला आणखी शंभर कारणं असतात. काकांनी मान हलवली. ते म्हणाले, एवढं पुरे आहे, बाकीचं बर्फवाल्यानेच सांगितलं.

त्यांनी ग्रुपवर लिहून भागवलं नाही. रविवारी त्याच धर्मशाळेत मंडळींची बैठक होती. काका आईला बोलवायला स्वतः आमच्या घरी आले, आणि बैठकीत उभे राहून बोलले. आमचे आकडे त्यांनी मोठ्याने वाचले, दोन्ही पंगतींचे, आणि म्हणाले की आजारी माणसं मोजली पण बरी माणसं मोजायची मी विसरलो. मग आईकडे वळून, हात जोडून म्हणाले, "वहिनी, चूक माझी होती आणि नाव तुमचं घेतलं. मला माफ करा."

आई उभी राहिली. चारचौघांत ती कधी बोलली नव्हती, पण आवाज जरासुद्धा कापला नाही. ती म्हणाली की उन्हात लोकांना गार काही मिळावं म्हणून तुम्ही केलंत, मनात राग नाही. पण यापुढे माझ्या भांड्यात मला विचारल्याशिवाय चमचाभर पाणीसुद्धा कुणी घालायचं नाही, आणि हे मान्य असेल तरच ज्येष्ठातला साखरपुडा मी घेते. बायकांच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या आणि मग सगळ्या धर्मशाळेत वाजल्या. काकांची सून माझ्या शेजारी होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

साखरपुड्याला तिने श्रीखंडच केलं. तिच्या बायकांनी सुचवलं की यंदा बासुंदी करू, लोकांच्या मनात अजून असेल. तिने ऐकलं नाही. त्या दिवशी ती स्वतः वाढायला निघाली, कधी नव्हे ती. पंगतीत शिरताना मान ताठ होती. पहिल्या पंगतीच्या शेवटी पातेलं खरवडायची वेळ आली आणि दुसऱ्या पंगतीसाठी राखून ठेवलेलं बाहेर काढावं लागलं. साखरेवाल्या आजोबांनी या वेळी बायकोच्या देखत वाटी पुढे केली.

मी वर्गात आता तेच उदाहरण देते. मुली पहिल्यांदा श्रीखंड आणि बर्फ ऐकून हसतात, आणि मग अठ्ठावीस आणि अठ्ठावीस पाहून वहीत पुन्हा मोजायला लागतात. मी त्यांना श्रीखंड न खाल्लेल्या बारा माणसांबद्दल सांगते, ती मिळवायला आम्ही किती जिने चढलो ते सांगते. या विषयात मुलींनी उलट प्रश्न विचारायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

आईचं निराळंच झालं आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या काकू मोबाइल घेऊन आल्या. कुठलंसं तेल वापरलं तर कसल्याशा आजाराचा धोका दुप्पट होतो, असं त्यात आलं होतं. त्या घाबरल्या होत्या, घरातला डबा ओतून द्यायला निघाल्या होत्या. मी आतल्या खोलीत पेपर तपासत होते. आईने त्यांना बसवलं आणि विचारलं, "दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट? आधी हजारात किती जणांना होत होता तो आजार?"

काकू म्हणाल्या, ते काही लिहिलेलं नाही.

"मग ते आधी विचारा," आई म्हणाली. "हजारात एकाचे दोन झाले तरी दुप्पट, आणि तीनशेचे सहाशे झाले तरी दुप्पटच. दोन्हीत फरक आहे की नाही?" आणि मग, माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीला जमलं नसतं इतक्या सहजपणे, तिने पुढचंही विचारलं की तेल न वापरणाऱ्या किती जणांना त्यांनी मोजलं.

काकूंनी डबा ओतला नाही. मी पेपर तसेच ठेवून बाहेर येऊन बसले आणि पुढचा अर्धा तास आईचं शिकवणं ऐकलं.